एसटीपी चालवताना या चुका टाळा

सोसायट्यांचे एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारे प्लांट, सुरू करून देण्यात माझी बारा वर्षं गेली. अजूनही महिन्याला एक तरी फोन येतो, ‘वास येतोय, कल्चरचा डबा पाठवा.’ कल्चर म्हणजे विकत मिळणारे जीवाणू. मी आधी विचारतो, ब्लोअर, म्हणजे टाकीत हवा सोडणारं यंत्र, दिवसाला किती तास चालतो?

रात्री ब्लोअर बंद ठेवण्याइतकी महाग चूक दुसरी नाही. एअरेशन टँकमध्ये, म्हणजे ही हवा सोडतात त्या टाकीत, सांडपाण्यातली घाण खाणाऱ्या जीवाणूंना रात्रीही हवा लागते. पाण्यात लिटरला २ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन विरघळलेला हवा. पुण्यातल्या एका सोसायटीत सेक्रेटरींनी वीजबिलासाठी रात्री अकरा ते सकाळी सहा टायमर लावला. पहिल्या आठवड्यात काहीच बिघडलं नाही, सगळे खूश. तिसऱ्या आठवड्यात मला बोलावलं. झाकण उघडताच सडक्या अंड्यांचा वास आला. चॉकलेटी दिसायला हवं ते पाणी काळं पडलं होतं. लिटरभर पाणी मोजपात्रात घेऊन कट्ट्यावर ठेवलं, तर अर्ध्या तासानंतरही वरचं पाणी गढूळच. ब्लोअर सुरू केला तेव्हा बुडबुडे टाकीच्या एकाच कोपऱ्यात दिसले. हवा थांबली की गाळ डिफ्यूझरवर, म्हणजे टाकीच्या तळाशी बुडबुडे सोडणाऱ्या नळ्यांवर, बसतो, तसे ते चोंदले होते. पाइपांसकट वर ओढून एकेक बदलावा लागला. चांगल्या चालणाऱ्या प्लांटवरून जीवाणूंनी भरलेला दोन टँकर गाळ आणला, तरी पाणी बागेला देण्याजोगं व्हायला पाच आठवडे गेले. बिल कमीच करायचं असेल तर ब्लोअरला व्हीएफडी, म्हणजे मोटारचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र, बसवा आणि ऑक्सिजन मोजून वेग उतरवा. एसबीआर, म्हणजे एकाच टाकीत आळीपाळीने हवा देणं आणि गाळ बसू देणं चालतं अशा प्लांटमध्ये ब्लोअर मध्ये मध्ये थांबतो, पण ते चक्र डिझाइनमध्येच धरलेलं असतं.

दुसरी चूक घाईची. नव्या प्लांटला तीन-चार आठवडे द्यावेच लागतात. सुरुवातीचा पांढरा फेस कोवळ्या गाळाचा असतो. त्यावर औषध ओतू नका, पाणी फवारा. १९१४ साली मँचेस्टरमध्ये आर्डर्न आणि लॉकेट यांना सांडपाण्यातल्या अमोनियाचं पूर्ण नायट्रेट व्हायला पहिल्यांदा सुमारे पाच आठवडे हवा द्यावी लागली. त्यांनी खाली बसलेला गाळ टाकून न देता त्यावरच नवं सांडपाणी घेतलं, आणि फेऱ्या वाढत गेल्या तसा वेळ काही तासांवर आला. आपले प्लांट आजही त्या जपलेल्या गाळावरच चालतात. म्हणून नवीन टाकीत चालू प्लांटचा गाळ घाला. शेण ओतणं मला पटत नाही. त्यातले बहुतेक जीवाणू गाईच्या पोटात हवेविना वाढलेले, आणि चोथा पंपात अडकतो तो वेगळाच.

मात्र गाळ जपायचा म्हणजे साठवायचा नाही. मी रोज सकाळी टाकीतलं लिटरभर पाणी मोजपात्रात घेऊन ठेवतो. अर्ध्या तासात गाळ ३५० मिलिलिटरच्या वर बसला, की थोडा थोडा फिल्टर प्रेसला, म्हणजे गाळातलं पाणी दाबून काढणाऱ्या यंत्राला, काढतो. एकदम अर्धी टाकी उपसली तर पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात.

बार स्क्रीन, म्हणजे सांडपाणी आत येतं तिथली कचरा अडवणारी जाळी, रोज साफ करा. संडास धुवायचं ॲसिड आणि ब्लीच बादलीने ओतू नका, हे हाऊसकीपिंगच्या ताईंना स्वतः समजावून सांगा.

आणि डिफ्यूझर बघायला कोणालाही टाकीत उतरवू नका. तिथल्या वायूने आधी नाकच बधिर होतं. वास येईनासा झाला म्हणजे वायू गेला, असं समजून माणसं जीव गमावतात.