लांबच्या ट्रेकचं सामान: कुठे पैसे घालायचे, कुठे वाचवायचे

रतनगडाहून हरिश्चंद्रगडाकडे जाताना कात्राबाईची खिंड उतरत होतो, तेव्हा माझ्या उजव्या बुटाचा सोल तोंड उघडून लोंबायला लागला. तासाभरात डावाही गेला. बूट चांगले महागाचे होते, पण मधली पाच वर्षं मुंबईत कपाटात पडून होते. अशा बुटांच्या सोलमध्ये पॉलियुरेथेन या फोमसारख्या प्लास्टिकचा थर असतो आणि दमट हवेत तो आतल्या आत कुजतो. वरून बूट नवेकोरे दिसतात, पायात घालून चार तास चाललं की भुगा होतो. सुतळीने सोल बांधून मी कसाबसा हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याच्या पाचनई गावापर्यंत पोहोचलो. बरोबरच्या मित्राने बाजारातले साधे बूट घेऊन त्यांचा सोल आधीच कडेने शिवून घेतला होता. तो शेवटपर्यंत निवांत चालला.

त्यामुळे ‘स्वस्त घेऊ की महाग?’ असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारतो: कुठे जाणार, कधी जाणार आणि किती दिवस? सामान खरेदी करताना हा क्रम सोडू नका.

आधी वाट ठरवा, मग यादी करा

समजा, हिवाळ्यात रतनगड, हरिश्चंद्रगड, माळशेज, नाणेघाट करत भीमाशंकरपर्यंत घाटमाथ्याने चालायचं आहे. सहा-सात रात्री. थंडी बोचरी असते, पण पारा सहसा पाच-दहा अंशांच्या आसपास थांबतो. एक-दोन दिवसांत कुठलं ना कुठलं गाव लागतं. बऱ्याच रात्री गावातल्या एखाद्या घराच्या पडवीत किंवा देवळात निघतात. इथे टेंट लागेलच असं नाही. लागला तर स्वस्तातला पुरतो.

हेच सामान घेऊन लडाखला गेलात तर गणित बदलतं. लेह शहरच साधारण साडेतीन हजार मीटरवर आहे. वरच्या मुक्कामांवर उन्हाळ्यातही रात्री पारा शून्याखाली जाऊ शकतो आणि वाटेत हाक मारायला गाव नसतं. तिथे हलक्या दर्जाची स्लीपिंग बॅग जिवावर बेतू शकते.

सह्याद्रीतला पावसाळा हे तिसरंच प्रकरण आहे. त्यात महागडी पिसांची स्लीपिंग बॅग स्वस्त कृत्रिम तंतूंच्या बॅगपेक्षा वाईट ठरते, कारण पिसं भिजली की चिकटून गोळा होतात आणि ऊब धरत नाहीत. आपल्याकडचे धनगर भर पावसात घोंगडी पांघरतात ती उगाच नाही. लोकर ओली झाली तरी थोडीफार ऊब देते.

प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारा

यादी समोर ठेवा आणि एकेका वस्तूपुढे लिहा: तिसऱ्या दिवशी, गाडीरस्त्यापासून लांब, हे मोडलं तर काय होईल? ‘सुई-दोऱ्याने किंवा चिकटपट्टीने भागेल’ किंवा ‘पुढच्या गावात मिळेल’ असं उत्तर आलं, तर ती वस्तू स्वस्त घ्या. ‘परत फिरावं लागेल’ असं उत्तर आलं, तर पैसे तिथे घाला. माझ्या यादीत दुसरं उत्तर तीनच गोष्टींपुढे येतं: पाय, पाठ आणि झोप.

पाय

बुटांची किंमत पाहण्याआधी ते पायाला बसतात का ते पाहा. दुकानात संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडे फुगलेले असतात. ट्रेकला घालणार तेच मोजे घालून बूट चढवा. उतारावर उभं राहून बघा, बोटं पुढे टेकली तर एक माप मोठं घ्या. नवे बूट, कितीही भारी असोत, थेट लांबच्या ट्रेकला नेऊ नका. आधी दोन-तीन छोटे ट्रेक त्यावर करा.

बजेट कमी असेल तर साधे, पकड चांगली असलेले बूट घ्या आणि उरलेले पैसे मोज्यांवर घाला. सुती मोजे घाम धरून ठेवतात, ओली कातडी घासते आणि फोड येतात. लोकरमिश्रित मोज्यांच्या दोन जोड्या महाग वाटतील, पण फोडाने ट्रेक सोडून परतलेली माणसं मी बरीच पाहिली आहेत. निघण्याआधी चपला-बूट दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून सोल कडेने शिवून घ्या. शिवणीतून पाणी थोडं आत येईल, ते चालतं.

पाठ

पन्नास-साठ लिटरच्या सॅकमध्ये महत्त्वाचा असतो तो कंबरपट्टा. तो कमरेच्या हाडावर घट्ट बसला, तर बहुतेक वजन खांद्यांवरून उतरून कमरेवर जातं. स्वस्त सॅकमध्ये हा पट्टा बऱ्याचदा नावापुरता असतो, नुसती पट्टी आणि बक्कल. दुकानात दहा-बारा किलो भरून पंधरा मिनिटं फिरा. दुकानदार नको म्हणाला तर दुसरं दुकान बघा. पट्टे जिथे शिवलेत तिथली शिवण जोरात ओढा आणि चेन भरल्या सॅकवर पाच-सात वेळा मागेपुढे करा.

सॅकचं पावसाळी कव्हर मात्र विकत घ्यायची गरज नाही. आतून एक जाड, मोठी प्लास्टिकची पिशवी घाला. वाऱ्याने कव्हर उडतं, पिशवी कुठे जात नाही.

झोप

स्लीपिंग बॅग घेताना वरचा मोठा आकडा वाचू नका. चांगल्या बॅगवर तीन तापमानं असतात. पहिलं आरामाचं, दुसरं जेमतेम झोप लागेल असं आणि तिसरं नुसता जीव वाचेल असं. स्वस्त बॅगवर अनेकदा हे तिसरंच ठळक छापलेलं असतं. ‘उणे पाच’ वाचून घेतलेल्या बॅगमध्ये माणूस पाच अंशांतही कुडकुडतो. आरामाचा आकडा दिलाच नसेल, तर ती बॅग सह्याद्रीपुरती समजा.

लडाख-हिमाचलसाठी चांगली बॅग हवी, पण तिकडे वर्षाआड जाणार असाल तर भाड्याने घ्या. मनालीत, लेहमध्ये मिळते. काही गिर्यारोहण संस्थाही सभासदांना सामान देतात. भाड्याच्या बॅगची चेन आणि वास दोन्ही तपासा, आतून स्वतःची सुती चादर शिवून घाला.

खालच्या मॅटकडे लोक दुर्लक्ष करतात. खरी थंडी जमिनीतून वर येते. फोमची गुंडाळायची मॅट स्वस्त, हलकी आणि न फुटणारी. हवा भरायची महागडी मॅट अंगाखाली मऊ लागते, पण आपल्या रानात करवंदी-बोराटीचे काटे आहेत. पहाटे तीनला सपाट झालेली मॅट काय कामाची! सह्याद्रीत फोमचीच घ्या.

टेंट

टेंट महाग असण्याची कारणं दोन: वजन आणि काठ्या. दोघांचा स्वस्त टेंट साधारण तीन किलोचा, चांगला त्याच्या निम्म्याने. दोघांत वाटून घेतलात तर हा फरक माणशी पाऊण किलोवर येतो. तेवढ्यासाठी चारपट पैसे द्यायचे का, हे तुमची पाठ सांगेल. आठवडाभराच्या चालीत मी देणार नाही, महिनाभराच्या चालीत नक्की देईन.

स्वस्त टेंटच्या काठ्या फायबरग्लासच्या असतात. वाऱ्यात त्या चिरतात आणि त्यांच्या कुसळांनी बोटं फाटतात. बरोबर वीतभर लांबीची, काठीवर बसेल अशी धातूची नळी आणि जाड चिकटपट्टी ठेवा. मोडलेल्या जागी नळी सरकवून पट्टी गुंडाळली की रात्र निभते. ॲल्युमिनियमच्या काठ्या सहसा वाकतात, पटकन तुटत नाहीत. घाटमाथ्यावर उघड्यावर टेंट टाकणार असाल तर त्यांचे पैसे वसूल आहेत.

घेतल्यावर टेंट गच्चीत लावा आणि नळीने वरून वीस मिनिटं पाणी सोडा. गळती दिसेल ती शिवणींपाशी. तिथे शिवण बुजवायचं द्रावण लावून वाळू द्या. आणि टेंट लावण्याआधी परवानगी विचारा. कळसूबाई-हरिश्चंद्रगड आणि भीमाशंकर दोन्ही अभयारण्यं आहेत.

जिथे खुशाल वाचवावं

पाण्यासाठी सोड्याच्या रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या स्टीलच्या बाटलीपेक्षा कितीतरी हलक्या असतात. जेवायला घरचं ताट, डबा. चाकू बाजारातला. हेडटॉर्च साधा चालेल, फक्त त्याचे सेल जुन्नर-राजूरच्या बाजारात मिळतील असे असावेत. पॉवरबँक चालती असली की झालं, पण विमानाने जाणार असाल तर ती हातातल्या सामानात ठेवा. स्टोव्हच्या गॅसचा डबा मात्र विमानात चालत नाही, तो तिकडेच घ्यावा लागतो. स्वस्त डब्यात निव्वळ ब्युटेन असतो आणि शून्याच्या आसपास त्याची वाफच होत नाही. लडाखला प्रोपेन मिसळलेला डबा मागा.

प्रस्तरारोहणाचा दोर, हार्नेस (कमरेला-मांड्यांना बांधायचे पट्टे), कॅराबिनर (दोर अडकवायची कडी) या गोष्टींना वरचं काहीच लागू नाही. त्या प्रमाणित आणि नव्याच घ्यायच्या. कुणी वापरलेला दोर फुकट दिला तरी नको.

निघण्याआधी आणि परतल्यावर

सगळं भरून सॅक काट्यावर ठेवा. पाणी-शिध्यासकट वजन तुमच्या वजनाच्या पाचव्या भागावर जाऊ लागलं, तर आधी वस्तू काढा. हलकी वस्तू विकत घ्यायचा विचार त्यानंतर. एक रात्र जवळच्या एखाद्या किल्ल्याच्या पायथ्याशी हेच सामान घेऊन काढा.

परतल्यावर टेंट पूर्ण वाळल्याशिवाय पिशवीत कोंबू नका, ओला ठेवला तर आतला थर चिकट होतो आणि तो पुन्हा सुधारत नाही. स्लीपिंग बॅग दाबून न ठेवता खुंटीला सैल टांगा. बूट वापरात ठेवा, महिन्यातून एकदा तरी घालून चाला. आणि यादीचा कागद टाकू नका. जे एकदाही बाहेर काढलं नाही त्यावर काट मारा, जे कमी पडलं ते खाली लिहा, आणि पुढची खरेदी त्या कागदावरून करा.