कोल्हापुरात कमी बजेटमध्ये भाड्याची खोली : माझा अनुभव

अडचण अशी : नोकरी गोकुळ शिरगाव एमआयडीसीत, बजेट बेताचं. ॲपवरची स्वस्त खोली फोन केला की 'गेली'. एजंट दाखवायचा ती राजारामपुरी-ताराबाई पार्कातली, बजेटबाहेरची. वर एक महिन्याचं भाडं कमिशन. डोकं पार उठलं होतं.

जमलं ते या क्रमानं. आधी शहराचा मध्य सोडला आणि कंपनीच्या बाजूचा पट्टा धरला : आर. के. नगर, मोरेवाडी, पाचगाव, उजळाईवाडी. मग संध्याकाळी गल्ल्यांतून पायी. पाट्या वाचायच्या, पण खरी बातमी पिठाच्या गिरणीत आणि दूध डेअरीवर मिळते. तिथल्या काकूंनी विचारलं, "एकटाच हाईस की फॅमिली?" आणि मागच्या गल्लीतलं घर सांगितलं.

गावठाणात किंवा नदी-ओढ्याकडे खोली बघत असाल, तर मालकाला नव्हे, शेजाऱ्याला विचारा : २०१९ आणि २०२१ ला पाणी कुठवर आलं होतं? पंचगंगेची धोका पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट. दोन्ही वर्षी ती बरीच ओलांडली होती. तळमजला अचानक स्वस्त मिळतोय तर हा प्रश्न आधी.

नंतर नळाला पाणी किती वाजता येतं ते बघितलं, विजेचा मीटर स्वतंत्र आहे का तेही, आणि मागचं बिल मागितलं.

डिपॉझिट शेवटी, ऑनलाइन. त्याआधी अकरा महिन्यांचा करार नोंदवून घेतला. मालक 'कशाला खर्च' म्हणाले. महाराष्ट्रात लेखी करार आणि नोंदणी ही मालकाचीच जबाबदारी आहे, हे सांगितल्यावर तयार झाले.