होंग म्युंग-बोचं करिअर नीट समजून घ्यायचंय? मग मॅचेस या क्रमाने बघा

होंग म्युंग-बो म्हटलं की बहुतेकांना 2002 चा फुटबॉल वर्ल्डकप आठवतो, दक्षिण कोरियाचा कॅप्टन, स्पेनविरुद्धची शेवटची पेनल्टी, संपलं. काहींना 2014 चा वर्ल्डकप पण आठवतो, तेव्हा कोरियाचा कोच म्हणून त्याचं पार पानिपत झालं होतं. या दोन गोष्टींवरून लोक एकदम मत बनवून टाकतात आणि मला ते खरंच बघवत नाही, कारण एवढं मोठं आणि एवढं वरखाली झालेलं करिअर आशियात फार कमी लोकांचं आहे. तर कुठून सुरू करायचं आणि काय बघायचं ते सांगतो. आणि सर्च करताना लक्षात ठेवा, होंग हे आडनाव आहे, कोरियात आडनाव आधी येतं.

सुरुवात 2002 पासून करू नका. आधी 1994 च्या वर्ल्डकपमधली जर्मनीविरुद्धची मॅच काढा, डॅलसची. हाफटाइमला कोरिया 0-3 मागे, पुढे 2-3 वर संपली, आणि त्यातला दुसरा गोल होंगचा, लांबून मारलेला. स्पेनविरुद्ध 2-2 झालेल्या मॅचमध्येही त्याचा एक गोल आहे. डिफेंडर असून हे कसं, तर तो फक्त फॉरवर्डला अडवणारा साधा स्टॉपर नव्हताच, तो लिबेरो होता, म्हणजे सगळ्यांच्या मागे उभा राहून सफाई करायची आणि बॉल मिळाला की तोच घेऊन वर यायचं. म्हणून मॅच बघताना निदान पंधरा मिनिटं बॉलकडे बघूच नका, फक्त वीस नंबरच्या जर्सीकडे, म्हणजे होंगकडे बघा. बॉल पलीकडच्या विंगला असताना तो कुठे सरकतो, कोणाला हात करून पुढे ढकलतो, हे दिसायला लागलं की बाकीचं आपोआप कळतं. हायलाइट्समध्ये यातलं काहीच नसतं, कारण चांगल्या डिफेंडरने धोका होण्याआधीच मिटवलेला असतो.

क्लब करिअरवर जास्त वेळ घालवायची गरज नाही. 1992 ला कोरियातल्या पोहांगच्या टीममध्ये आला, पहिल्याच सीझनला लीग जिंकली आणि एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वोत्तम खेळाडू पण झाला, मग जपानमध्ये बेलमारे हिरात्सुका आणि काशिवा रेसोल, परत पोहांग, शेवटी एलए गॅलक्सी आणि 2004 ला रिटायर. कोरियासाठी चार वर्ल्डकप, 1990 ते 2002.

आता 2002 वर या, पण स्पेनच्या आधी इटलीची मॅच बघा, पूर्ण. कोरिया 0-1 मागे, 83 वं मिनिट, आणि कोरियाचा कोच हिडिंक चक्क कॅप्टनलाच बाहेर काढतो, होंगच्या जागी चा डू-री, एक फॉरवर्ड. पाच मिनिटांत बरोबरी झाली आणि एक्स्ट्रा टाइममध्ये आन जुंग-ह्वानचा गोल्डन गोल, म्हणजे तो झाला की मॅच तिथेच संपली. पुढे कोच होणाऱ्या माणसासाठी यापेक्षा मोठा धडा कुठला असणार, असं मला नेहमी वाटतं. मग स्पेन, ग्वांग्जू, 22 जून. 0-0, पेनल्टीवर 5-3, स्पेनच्या होआकिनची कोरियाचा गोलकीपर ली उन-जेने अडवली आणि पाचवी होंगने मारली. एरवी दगडासारखा चेहरा असणारा माणूस, त्या पेनल्टीनंतर केवढा हसतोय बघा. स्पेनचे दोन गोल नाकारले गेले त्यावर आजही वाद होतो आणि तो वाद खरा आहे, तोही बघा, टाळू नका. तसंच तिसऱ्या नंबरच्या मॅचमध्ये तुर्कस्तानने अकराव्या सेकंदाला केलेला गोल पण बघा, तिथे बॉल होंगच्याच पायातून काढून घेतला होता. एवढं होऊनही त्या स्पर्धेचा ब्रॉन्झ बॉल, म्हणजे तिसऱ्या क्रमांकाच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान त्याला मिळाला, आशियातल्या खेळाडूला पहिल्यांदाच.

कोचिंगकडे आलात की एकच प्रश्न धरून बसा, ही टीम त्याच्या हातात किती वर्षं होती? माझ्या मते सगळी चावी इथे आहे.

2009 च्या अंडर-20 वर्ल्डकपला त्याने पोरांना क्वार्टर फायनलपर्यंत नेलं, त्यातलेच कू जा-चोल, किम यंग-ग्वॉन वगैरे 2010 च्या एशियाडला, आणि कू पुढे 2012 च्या लंडन ऑलिंपिकला कॅप्टन. तीन वर्षं तोच गाभा. ग्रेट ब्रिटनला त्यांच्याच घरात पेनल्टीवर हरवलं, ब्राझीलकडून हरले, मग ब्रॉन्झसाठी जपान, 2-0. ऑलिंपिक मेडल मिळालं की तिकडे सक्तीच्या लष्करी सेवेतून सूट मिळते, त्यामुळे त्या नव्वद मिनिटांवर पोरांची जवळजवळ दोन-दोन वर्षं टांगलेली होती. पार्क चू-यंगवर त्याआधी सेवा टाळतोय म्हणून प्रचंड टीका झालेली, तेव्हा होंग त्याच्या शेजारी बसून म्हणाला होता की हा लष्करात नाही गेला तर मी जाईन. पहिला गोल त्याच पार्कचा, एकट्याने बॉल नेऊन. आणि शेवटची काही मिनिटं चुकवू नका, तिथे किम की-ही मैदानात येतो, तोपर्यंत तो स्पर्धेत एक मिनिटही खेळला नव्हता आणि न खेळता सूट मिळणार नव्हती. टीम होंगसाठी जीव का टाकत होती ते या एका बदलात दिसतं.

आता 2014 बघा. सीनियर टीम हातात फक्त एक वर्ष. क्लबकडून नियमित खेळणाऱ्यांनाच घेणार म्हणाला होता आणि तरी बाकावर बसलेल्या पार्कला घेतलं, लंडनची निष्ठा इथे नडली. रशियाशी 1-1, अल्जेरियाकडून 2-4, बेल्जियमकडून 0-1, आणि इंचॉन एअरपोर्टवर लोकांनी टीमवर टॉफ्या फेकल्या, जो तिकडे मोठा अपमान असतो. चूक त्याची होतीच, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

पण इथेच बंद करू नका, उल्सान, म्हणजे नंतर तो कोच होता तो कोरियन क्लब, बघितल्याशिवाय तर अजिबात नाही. 2021 ला दुसरे, मग 2022 ला चॅम्पियन, 17 वर्षांनी, आणि 2023 ला पुन्हा. एकच मॅच बघायची तर ऑक्टोबर 2022 ची जॉनबुक या प्रतिस्पर्धी क्लबविरुद्धची काढा, 0-1 मागे असताना उल्सानच्या मार्टिन आदामचे इंज्युरी टाइममध्ये दोन गोल. परत तेच, वेळ मिळाला की हा माणूस टीम बांधतो.

2024 च्या जुलैमध्ये उल्सानला सीझनच्या मध्येच सोडून तो पुन्हा राष्ट्रीय टीमवर गेला, निवड कशी झाली यावरून संसदेत प्रश्न विचारले गेले, पॅलेस्टाईनविरुद्धच्या पहिल्याच मॅचला घरच्या प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. फॅन्सचा राग मला पटतो, तरी टीम 2025 च्या जूनमध्ये इराकला 2-0 हरवून 2026 च्या वर्ल्डकपसाठी पात्र ठरली. या काळातल्या दोन मॅच लागोपाठ बघा, सप्टेंबर 2025 ची अमेरिकेविरुद्धची 2-0 आणि ऑक्टोबरची ब्राझीलविरुद्धची 0-5. दोन्हीकडे मागे तीन डिफेंडर आहेत आणि त्यात किम मिन-जे आहे. 1994 ला वीस नंबरवर जसे डोळे ठेवले तसेच आता किमवर ठेवा, तो बॉल घेऊन कधी वर येतो आणि मागची जागा कोण भरतं ते बघा, ब्राझीलने नेमकं तिथूनच फाडलंय का ते तुमचं तुम्हीच ठरवा.