गाडीत धोकादायक दोष आढळला तर: तक्रार कुठे नोंदवायची आणि रिकॉलमध्ये आपली गाडी आहे का ते कसं बघायचं

"या मॉडेलला असं होतंच, साहेब." सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर हे वाक्य ऐकलं की बहुतेक जण मुकाट्याने बिल भरून घरी येतात. वास्तविक हे वाक्य ऐकूनच कान टवकारले पाहिजेत. एकाच मॉडेलच्या अनेक गाड्यांना तोच त्रास होत असेल, तर दोष कारखान्यातून आलेला असण्याची शक्यता असते. आणि त्याने जिवाला धोका होत असेल, तर गाड्या परत बोलावून तो फुकट दुरुस्त करून देणं हे कंपनीचं काम आहे. यालाच रिकॉल म्हणतात.

अडचण एवढीच की काउंटरवरची तोंडी तक्रार काउंटरवरच विरते. रिकॉल होतो तो कागदावरच्या तक्रारी साठल्यावर. म्हणून दोन कामं वेगवेगळी धरा: आपली गाडी नीट करून घेणं आणि आपल्या गाडीतला दोष मोजला जाईल अशी व्यवस्था करणं. पहिलं काम झालं की लोक दुसरं सोडून देतात.

कायद्यात काय आहे

2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम 110-अ आलं. गाडीतल्या दोषामुळे चालक, प्रवासी, रस्त्यावरचे इतर लोक किंवा पर्यावरणाला धोका असेल, तर केंद्र सरकार कंपनीला त्या प्रकारच्या गाड्या परत घ्यायला सांगू शकतं. त्याचे नियम 1 एप्रिल 2021 पासून लागू आहेत. सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना ते लागू होतात आणि दोषाच्या व्याख्येत सुट्या भागांबरोबर सॉफ्टवेअरही येतं. किती मालकांच्या तक्रारी आल्यावर सरकारने हालचाल करायची, हे गाडीचा प्रकार आणि वर्षाला विकल्या जाणाऱ्या गाड्यांची संख्या यांवर ठरतं. दंड 10 लाखांपासून 1 कोटी रुपयांपर्यंत आहे.

यातली गंमत अशी की कंपनीने दोष स्वतःहून कळवून रिकॉल सुरू केला, तर तिला हा दंड होत नाही. तक्रारी वाढू लागल्या की सरकारी आदेशाची वाट न बघता कंपनीच पुढे येते, त्यामागे हेही एक कारण आहे. आपल्याकडे गाजलेले बहुतेक रिकॉल असे स्वेच्छेचेच आहेत.

आधी ठरवा: हा दोष सुरक्षेचा आहे का

ब्रेक पॅड झिजले, टायर गुळगुळीत झाला, वायपर करकरतो, बॅटरी तीन वर्षांत बसली, ही झीज झाली. एसी नीट थंड करत नाही, डॅशबोर्ड खडखडतो, मायलेज कमी पडतं, ही कुरकुर रास्त असली तरी रिकॉलच्या कक्षेत येत नाही.

स्टिअरिंग सैल होणं किंवा अडकणं, चालत्या गाडीची ताकद अचानक जाणं, ब्रेकचं पेडल एकदम कडक होणं किंवा तळाला टेकणं, पेट्रोलची गळती, वायरिंग जळाल्याचा वास, सीटबेल्टचं लॉक सुटणं, एअरबॅगचा दिवा सतत पेटलेला राहणं, चार्जिंगला लावलेल्या स्कूटरची बॅटरी असह्य तापणं, हे सगळं सुरक्षेचं. दोष किरकोळ दिसला म्हणून सोडू नका. नोव्हेंबर 2025 मध्ये मारुती सुझुकीने 39,506 ग्रँड विटारा परत बोलावल्या, कारण इंधनाचा काटा आणि दिवा टाकीत नेमकं किती इंधन आहे हे बरोबर दाखवत नसण्याची शक्यता होती. काट्यावर विसंबून रात्री घाटात शिरलेल्या माणसासाठी ही बाब अजिबात किरकोळ नाही.

आपली गाडी आधीच्या एखाद्या रिकॉलमध्ये आहे का

तक्रार लिहायला बसण्यापूर्वी पाच मिनिटं यात घाला. दोष कंपनीला आधीच माहीत असेल, तर बरेच कष्ट वाचतील.

आरसी काढा आणि चॅसिस नंबर बघा. आताच्या गाड्यांवर तो 17 अक्षर-अंकांचा असतो. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं नसतात, त्यामुळे गोल दिसलं की ते शून्य समजा आणि उभी रेघ दिसली की एक. आरसी पुसट झाली असेल तर डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमध्ये नंबर मिळतो आणि गाडीच्या सांगाड्यावरही तो कोरलेला असतो.

मग कंपनीच्या संकेतस्थळावर रिकॉलचं पान शोधून हा नंबर टाका. घोषणा बहुतेक वेळा अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत बनलेल्या गाड्यांपुरती असते. उदाहरणार्थ, जुलै 2023 मध्ये मारुतीच्या 87,599 एस-प्रेसो आणि ईको परत बोलावल्या गेल्या. त्यांच्या स्टिअरिंगच्या टाय रॉडमध्ये दोष असण्याची शक्यता होती आणि गाड्या 5 जुलै 2021 ते 15 फेब्रुवारी 2023 या काळात बनलेल्या होत्या. या बनण्याच्या तारखा आहेत. तुम्ही गाडी घरी आणली तो दिवस वेगळा, कधीकधी काही महिन्यांनी नंतरचा. म्हणून तारखांवरून अंदाज बांधू नका, नंबर टाकूनच बघा.

एक व्यवहाराची गोष्ट. कंपन्यांना रिकॉल हा शब्द फारसा आवडत नाही. त्याऐवजी "सर्व्हिस कॅम्पेन", "खबरदारीची तपासणी" असं काहीतरी म्हटलं जातं. म्हणून काउंटरवर "रिकॉल आहे का?" एवढंच विचारून थांबू नका. "माझ्या चॅसिस नंबरवर एखादं कॅम्पेन ओपन आहे का, ते सिस्टिममध्ये बघून सांगा," असं विचारा. आतापर्यंत सर्व्हिसिंग नाक्यावरच्या गॅरेजमध्ये केलं असलं, तरी रिकॉलचा हक्क जात नाही. वॉरंटी संपल्यानेही जात नाही.

गाडी सेकंड हँड घेतली असेल तर हे जास्तच निकडीचं. कंपनीकडे मोबाइल नंबर पहिल्या मालकाचा असतो. रिकॉलचा मेसेज त्याला जातो, तो "गाडी विकली की आपण" म्हणून पुसून टाकतो आणि गाडी तुम्ही चालवत राहता. आरसी नावावर झाल्यावर परिवहन पोर्टलवर आपला मोबाइल नंबर नोंदवा आणि कंपनीच्या ग्राहक सेवेलाही वेगळं कळवा.

जुनी गाडी असेल तरी बघाच. ताकाता कंपनीच्या एअरबॅगचं प्रकरण जगभर वर्षानुवर्षं चाललं. त्या एअरबॅग फुगवणाऱ्या डबीत अमोनियम नायट्रेट होतं. उष्ण, दमट हवेत ते वर्षांगणिक खराब होतं आणि मग अपघातात डबीच फुटून धातूचे तुकडे आत बसलेल्यांच्या अंगात घुसतात. भारतातही होंडा आणि इतर कंपन्यांनी यासाठी गाड्या बोलावल्या. रत्नागिरी, मालवण किंवा पणजीच्या हवेत दहा-पंधरा वर्षं काढलेली गाडी वापरत असाल, तर हे एवढं नक्की तपासा. सात वर्षांची अट सरकारी आदेशाच्या रिकॉलला आहे. कंपनी स्वतःहून कितीही जुनी गाडी बोलावू शकते.

तक्रार लिहायची कशी

सगळ्यात जास्त लक्ष इथे द्या.

गाडी सर्व्हिसला दिली की ॲडव्हायझर जॉब कार्ड बनवतो. तुम्ही दहा मिनिटं जीव तोडून सांगितलेलं तो "जनरल चेकअप" या दोन शब्दांत बसवतो. संध्याकाळी गाडी परत येते, कार्डावर शेरा असतो "नो प्रॉब्लेम फाउंड". सहा महिन्यांनी तुम्ही भांडायला गेलात, तर कागदोपत्री तुमची काही तक्रारच नव्हती. त्यामुळे सही करण्याआधी कार्ड वाचा. ग्राहकाची तक्रार या रकान्यात तुमचे शब्द आलेत का ते बघा, नसतील तर तिथेच लिहून घ्या आणि प्रत मागा. कार्ड देत नसतील तर घरी येऊन त्याच दिवशी डीलर आणि कंपनी दोघांना ईमेल करा: आज गाडी दिली, ही तक्रार सांगितली, हे उत्तर मिळालं.

"ब्रेक नीट लागत नाहीत" या वाक्याचा इंजिनिअरला काही उपयोग नाही. असं लिहा: "18,240 किलोमीटर झालेले. ताम्हिणी घाट उतरताना, तिसऱ्या गिअरमध्ये, साधारण 40 च्या वेगात ब्रेकचं पेडल अचानक कडक झालं. जोर लावूनही गाडी नेहमीसारखी थांबली नाही. एसी चालू होता, गाडीत चार माणसं, पाऊस नव्हता. इंजिन बंद करून पुन्हा चालू केल्यावर पेडल नेहमीसारखं झालं. डॅशबोर्डवर कुठलाही दिवा लागला नाही." वेग, गिअर, चढ-उतार, पाऊस, ओझं, एसी आणि पुन्हा चालू केल्यावर काय झालं, या तपशिलांवरून दोष नेमका कुठे आहे याचा माग लागतो. रागाची विशेषणं गाळा.

दिवा लागला तर फोटो, आवाज येत असेल तर व्हिडिओ काढा, पण चालवताना नव्हे. शेजारी बसलेल्याला काढायला सांगा. पार्ट बदलला असेल तर जुन्या पार्टवरच्या नंबराचा आणि स्टिकरचा फोटो घ्या. बाहेरून बसवलेले हॉर्न, एलईडी, सीएनजी किट यांची माहिती लपवू नका. कंपनी पहिलं बोट त्यांच्याकडेच दाखवणार. त्यांचा दोषाशी संबंध नसेल, तर मेकॅनिककडून तसं लेखी घेऊन ठेवा.

कुठे द्यायची

पहिली तक्रार कंपनीच्या ग्राहक सेवेकडे, ईमेलने. डीलर म्हणजे कंपनी नव्हे आणि डीलरने ऐकलेलं वर पोचतंच असं नाही. तक्रार क्रमांक मागा, उत्तरासाठी मुदत घाला.

दुसरी सरकारकडे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या परिवहन संकेतस्थळावर वाहन रिकॉलसाठी वेगळं पोर्टल आहे. त्यासाठी आरटीओत खेटे घालायची गरज नाही. गाडीचा नोंदणी क्रमांक, चॅसिस नंबर आणि ओटीपीसाठी मोबाइल हाताशी ठेवा. वर लिहिलेला मजकूर तिथे टाका, पावतीचा क्रमांक जपून ठेवा. ही तक्रार केल्याने उद्या तुमची गाडी दुरुस्त होईल अशी अपेक्षा ठेवू नका. तिचं काम वेगळं आहे: त्या मॉडेलच्या खात्यावर एक आकडा वाढतो. त्याच मॉडेलवाल्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप असेल तर तिथे चडफडण्याऐवजी ही माहिती टाका. ग्रुपवरच्या दोनशे तक्रारी सरकार मोजत नाही, पोर्टलवरच्या मोजते. मात्र कुणी तरी लिहिलेला एकच मजकूर सगळ्यांनी चिकटवू नका. प्रत्येकाने आपला प्रसंग, आपले किलोमीटर लिहावेत.

तक्रारी ठरलेल्या संख्येच्या पुढे गेल्या की कंपनीला नोटीस जाते आणि चाचणी संस्थेकडून तपास होऊ शकतो. पुण्याची एआरएआय अशा मान्यताप्राप्त संस्थांपैकी एक. पुणेकर वेताळ टेकडीला एआरएआयची टेकडी म्हणतात ते तिच्यामुळेच.

गाडीने पेट घेतला तर

मार्च 2022 मध्ये पुण्यात लोहगावला रस्त्याकडेला उभी असलेली ओलाची इलेक्ट्रिक स्कूटर पेटली. तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला. पुढच्याच महिन्यात कंपनीने त्या बॅचच्या 1,441 स्कूटर तपासणीसाठी परत बोलावल्या.

असा प्रसंग आला तर आधी माणसं दूर करा आणि अग्निशमन दलाला 101 वर फोन करा. नंतर पोलीस पंचनामा, अग्निशमन दलाचा दाखला आणि विमा कंपनीला त्याच दिवशी कळवणं ही तीन कामं उरका. कंपनीची माणसं तत्परतेने टेम्पो घेऊन येतील आणि "तपासायला नेतो" म्हणतील. विमा सर्व्हेअरने पाहिल्याशिवाय आणि लेखी पोच घेतल्याशिवाय जळालेली गाडी हलवू देऊ नका. पुरावा म्हणून तुमच्याकडे तेवढीच गोष्ट उरलेली असते.

रिकॉलमध्ये नंबर निघाला

अपॉइंटमेंट घ्या. एक रुपयाही द्यायचा नाही, पार्टचा नाही आणि मजुरीचाही नाही. "तुमची गाडी रिकॉलमध्ये आहे, प्रोसेसिंग फी भरा" किंवा "आलेला ओटीपी सांगा" असा फोन आला तर तो भामटा समजा.

पार्ट उपलब्ध नसेल तर एकच प्रश्न लेखी विचारा: तोवर गाडी चालवू की नको? जानेवारी 2023 मध्ये मारुतीने एअरबॅग कंट्रोलरसाठी 17,362 गाड्या बोलावल्या, तेव्हा पार्ट बदलेपर्यंत गाडी वापरू नका असं कंपनीनेच सांगितलं होतं. मारुतीच्याच सप्टेंबर 2021 च्या रिकॉलमध्ये सियाझ, अर्टिगा वगैरे गाड्यांच्या मालकांना साचलेल्या पाण्यातून गाडी नेऊ नका आणि विजेच्या भागांवर थेट पाण्याचा फवारा मारू नका अशी सूचना होती. चालवू नका असं उत्तर आलं, तर गाडी उचलून न्यायची आणि पर्यायी गाडीची सोय मागा. आधीच याच दोषावर पैसे खर्च केले असतील तर बिल जोडून परतावा मागा. मिळेलच असं नाही, पण न मागता तर मुळीच मिळणार नाही.

लक्षणं तीच, पण चॅसिस नंबर रिकॉलच्या बाहेर, असंही होतं. अशा वेळी तक्रारीत त्या रिकॉलचा स्पष्ट उल्लेख करा. व्याप्ती पुढे वाढवली जाते. ताकाताच्या बाबतीत ती वर्षानुवर्षं वाढतच गेली.

कंपनी दाद देत नसेल तर

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर फोन करा, मराठीतही बोलता येतं. तिथे काम न झाल्यास जिल्हा ग्राहक आयोग. गाडीची मोजलेली किंमत 50 लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्ह्यातच चालतं आणि तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, म्हणजे बहुतेक दुचाकीवाल्यांना ते पडतच नाही. वकील बंधनकारक नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. कंपनीच्या "बघतो, कळवतो" मध्ये ती निघून जाऊ देऊ नका. गाडीत दोष आहे का हे ठरवायला आयोग तज्ज्ञ तपासणी करवून घेऊ शकतो. तिथे ती जॉब कार्डं, ईमेल आणि पोर्टलची पावती उपयोगी पडतात.

काम झाल्यावर कुठला पार्ट कोणत्या तारखेला बदलला हे लिहिलेला कागद मागून घ्या. काही दिवसांनी चॅसिस नंबर पुन्हा टाकून कॅम्पेन बंद झालंय का बघा, कारण काम होऊनही सिस्टिममध्ये नोंद राहून जाते. तो कागद आरसीबरोबर ठेवा आणि गाडी विकताना नव्या मालकाच्या हाती द्या.