कथा लिहिताय? निदान या चुका टाळा

दिवाळी अंकासाठी आलेल्या कथा मी गेली काही वर्षं वाचतोय. परत जातात त्यातल्या बऱ्याच कथांची भाषा चांगली असते. पण दीड हजार शब्दांत नायकाचा जन्म, शिक्षण, लग्न, बदली, निवृत्ती सगळं उरकलेलं असतं. हा कादंबरीचा गोषवारा झाला.

एडगर अ‍ॅलन पो या अमेरिकन कथाकारानं 1842 मध्ये नॅथॅनिएल हॉथॉर्न या समकालीन लेखकाच्या कथांबद्दल लिहिताना दोन गोष्टींवर भर दिला होता: कथा एका बैठकीत वाचून व्हावी आणि तिचा परिणाम एकसंध असावा. आपल्याकडे पहिली अट सगळ्यांना पाठ असते, दुसरीचं कुणाला फारसं पडलेलं नसतं.

समजा, निवृत्त होणाऱ्या एसटी कंडक्टरवर लिहायचंय. त्याची तीस वर्षं सांगत बसू नका. शेवटच्या फेरीची कॅश डेपोत भरताना सात रुपये कमी येतात, तिथून सुरुवात करा. तो खिशातून घालतो, की पुन्हा मोजतो? मागची वर्षं त्या मोजण्यातूनच दिसतील. मग एकेक वाक्य त्या सात रुपयांना लावून बघा; लागत नसेल तर खोडा. बायकोचं आजारपण कितीही छान उतरलेलं असो. (ते जपून ठेवा, दुसऱ्या कथेला होईल.)

दुसरी खोड कलाटणीची. कादंबरीकार-कथाकार ना. सी. फडक्यांच्या काळात गुंतागुंत, उत्कंठा, धक्का हे कथेचं तंत्रच होतं. 1945 च्या आसपास गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर यांच्या नवकथेनं ती चौकट मोडली आणि घटनेपेक्षा माणसाच्या मनात काय चाललंय याला महत्त्व आलं. तरी आजही ‘आणि त्याला जाग आली’ छापाचे शेवट येतातच! कलाटणी वाईट नसते. पण शेवट ठाऊक असताना कथा पुन्हा वाचून बघा. दुसऱ्यांदा काहीच हाती लागलं नाही, तर ते कोडं होतं.

पात्रं फार झाली असतील, तर ज्यांच्याविना कथा अडत नाही त्यांची नावं तरी काढा.

राहिला बोध. शेवटचा परिच्छेद हातानं झाकून वाचा. कंडक्टरनं सात रुपये भरले, पावती घडी करून खिशात घातली, रिकामी बॅग टेबलावर ठेवली. त्याच्या प्रामाणिकपणाबद्दलच्या पुढच्या चार ओळी हाताखालीच राहू द्या.