गच्चीवर काचेची खोली करायची म्हणताय?

काचेची खोली ही मूळची थंड मुलखातली चैन. बाहेर बर्फ पडत असताना संत्र्या-लिंबांची झाडं उबेत राहावीत, म्हणून युरोपातल्या श्रीमंतांनी ती बांधायला सुरुवात केली. मुंबईत ऊब फुकट मिळते, नको तितकी मिळते. इथे आपल्याला ही खोली हवी असते ती धो धो पावसात झाडांमध्ये बसून चहा प्यायला. आणि ती फसते ती दोनच कारणांनी: आतली तापलेली हवा बाहेर पडत नाही, नाहीतर बाहेरचं पाणी आत येतं. म्हणून फॅब्रिकेटरला, म्हणजे काच-फ्रेमचं काम करणाऱ्याला, फोन करून ‘स्क्वेअर फुटाला काय घेता?’ विचारण्याआधी बरंच काही उरकायचं आहे.

आधी कागद काढा. फ्लॅटला लागून असलेला टेरेस तुमच्या करारनाम्यात आणि मंजूर नकाशात कसा दाखवलाय ते नीट वाचा. इमारतीच्या माथ्यावरची गच्ची सगळ्यांची असते, बिल्डर तोंडी काहीही म्हणालेला असो. उघडी जागा काचेने बंद केली की ती बांधीव क्षेत्रात धरली जाते आणि एफएसआयचा, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येतं त्या मर्यादेचा, प्रश्न उभा राहतो. 2012 पासून प्रीमियम भरून फंजिबल, म्हणजे जादाचा, एफएसआय मिळण्याची सोय आहे खरी, पण तुमच्या इमारतीचा तो बिल्डरने आधीच खाऊन टाकलेला असू शकतो. हे आर्किटेक्टकडून तपासून घ्या. सोसायटीची एनओसी म्हणजे पालिकेची परवानगी नव्हे, दोन्ही लागतात. ‘वरच्या मजल्यावर सगळ्यांनीच केलंय’ हे उत्तर एमआरटीपी या राज्याच्या नगररचना कायद्याखाली नोटीस आल्यावर कामाला येत नाही, स्वखर्चाने पाडावं लागतं. परवानगी मिळणार नसेल तर तिथेच थांबा आणि हॉलच्या मोठ्या खिडकीशी झाडं आणि वेताची खुर्ची मांडा. त्याला कोणाची सही लागत नाही.

परवानगीची वाट मोकळी दिसली की वजनाचा हिशेब. काच एक मिलिमीटर जाड असली तर चौरस मीटरला अडीच किलो भरते. म्हणजे दहा बाय बारा फुटांच्या छपराला बारा मिलिमीटरची काच घातली तर नुसतं छप्परच सव्वातीनशे किलोच्या वर गेलं. त्यात फ्रेम, बाजूच्या काचा आणि माणसं. कुंड्यांचा तर कोणी विचारच करत नाही. फूटभर लांब, रुंद आणि उंच कुंडी ओल्या मातीने भरली की पंचेचाळीस-पन्नास किलोच्या घरात जाते, आणि आपण अशा पंधरा-वीस सहज मांडतो. त्याही कुठे, तर कठड्याला लागून, म्हणजे पुढे निघालेल्या स्लॅबच्या टोकाला. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर तीन वर्षांनी व्हायला हवं. सेक्रेटरींकडून तो अहवाल मागून घ्या आणि स्ट्रक्चरल इंजिनीअरचा होकार लेखी घ्या. ‘काही होत नाही हो’ हा फॅब्रिकेटरचा होकार धरू नका.

आता ऊन. सुट्टीच्या दिवशी सकाळी नऊला, दुपारी बाराला आणि चारला टेरेसच्या लादीवर उन्हाची कड खडूने आखा. डिसेंबरात एकदा आणि मेमध्ये एकदा. मुंबईत सूर्य वर्षातून दोनदा थेट डोक्यावर येतो, मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीला. जुलैतला बहुधा ढगांआड जातो, मेमधला सोडत नाही. डिसेंबरात तो दक्षिणेकडे कलतो आणि ऊन खोलीत आतवर शिरतं, ते छान वाटतं. पश्चिमेचं चारचं ऊन मात्र बाराही महिने ताप. माझं स्पष्ट मत असं, की मुंबईत पूर्ण काचेचं छप्पर करूच नये. छप्पर उष्णतारोधक पॅनेलचं, त्यात हवी तर काचेची एक पट्टी, आणि काचा बाजूंना. पॉलिकार्बोनेट, म्हणजे प्लास्टिकचा पारदर्शक पत्रा, स्वस्त पडतं, पण जुलैच्या सरीत त्याखाली बोललेलं ऐकू येत नाही. सावली काचेच्या बाहेरून करा, बांबूच्या चिकेच्या पडद्याची किंवा जाळीची. ऊन एकदा काचेतून आत आलं की आतला पडदा फारसं काही करू शकत नाही. गरम हवा वर चढते, म्हणून छपराजवळ उघडणारी झडप आणि खाली समोरच्या बाजूला हवा घेणारे तिरप्या पट्ट्यांचे लूव्हर हवेच. ते नकाशात नसेल तर नकाशा परत पाठवा. एसी लावू म्हणाल, तर लावा, आणि बिलही भरा.

पाण्यावर मात्र सगळ्यात जास्त वेळ घालवा. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. आपल्या त्या दहा बाय बाराच्या छपरावर ते पाणी मोजलं तर दहा हजार लिटरच्या वर भरतं, म्हणजे एक अख्खा टँकर. छपराला पुरेसा उतार, रुंद पन्हळ आणि किमान दोन पाइप पाहिजेतच. एकात पिंपळाचं पान अडकलं तर दुसरा चालू राहतो. गळती सुरू होते ती बहुतेक वेळा काच आणि भिंत भेटतात त्या रेषेत. तिथे नुसती सिलिकॉनची वळी ओढून चालत नाही, भिंतीत खाच पाडून धातूची पट्टी बसवायला सांगा. दुसरी जागा पायांची. फ्रेम उभी करताना स्लॅबला भोकं पाडतात आणि खालचं वॉटरप्रूफिंग तिथेच मरतं. मग खालच्या घरात ओल येते आणि जिन्यात भेटलं की त्या घरच्या काकू बोलेनाशा होतात. शक्य असेल तर पाय कठड्यावर घ्या. नाहीतर आधी फ्रेम, मग वॉटरप्रूफिंग, मग दोन-तीन दिवस पाणी भरून ठेवून चाचणी.

काचेत छपराला लॅमिनेटेडच घ्या, ती फुटली तरी तुकडे मधल्या पडद्याला धरून राहतात. टफन्ड, म्हणजे तापवून कडक केलेली काच, क्वचित काही न लागताही फुटते आणि डोक्यावर खडे पडतात, म्हणून ती बाजूंना. टफन्ड काच नंतर कापता येत नाही, तेव्हा माप फ्रेम उभी झाल्यावरच घ्यायला लावा. आणि लिफ्टचं दार, जिन्याचं वळण टेपने मोजून ठेवा. तयार काच खाली आणि आपण वर, असं होऊ देऊ नका. समुद्राजवळ असाल तर लोखंडाचं नाव नको: पावडर कोटिंगचं ॲल्युमिनियम आणि 316 ग्रेडचे स्टेनलेस स्टीलचे स्क्रू. मुंबईसाठी भारतीय मानकात वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर धरलाय, ताशी सुमारे 158 किलोमीटर. त्या हिशेबाने फ्रेम काढलीय का, हे इंजिनीअरला विचारा.

कोटेशनमध्ये काचेचा प्रकार आणि जाडी, परांची, डेब्रिज उचलणं आणि वॉटरप्रूफिंग वेगवेगळं लिहून घ्या. गणपती झाले की कागदपत्रांना लागा, दिवाळीनंतर ऑर्डर द्या, काम एप्रिलच्या आत संपवा. शेवटचा हप्ता पहिला जोराचा पाऊस पडून गेल्यावर, हे आधीच ठरवून ठेवा. कबुतरांची जाळीही त्याच कामात उरकून घ्या.

झाडं अगदी शेवटी आणा. नेचे, अँथुरियम, मनी प्लांट सावलीत खूश असतात; तुळस आणि कढीपत्ता उन्हाच्या कडेला. कुंड्यांखालच्या ताटल्या आठवड्याच्या आत रिकाम्या करून पुसा, नाहीतर डेंग्यूच्या अळ्या तुमच्याच घरात सापडतील.