मानशीवरचे आकडे रिपॉझिटरीत ठेवताना

भाचीने दोन वर्षं गोव्यातल्या चोडण बेटावरच्या खाजनात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल जमिनीत), मानशीच्या दारापाशी, पाण्याची क्षारता मोजली. मानस म्हणजे खाडीचं पाणी आत-बाहेर सोडणारी बांधातली झडप. लेख स्वीकारला गेला आणि जर्नलने सांगितलं, डेटा सार्वजनिक रिपॉझिटरीत, म्हणजे सगळ्यांना खुल्या ऑनलाइन साठ्यात, ठेवा. तिने लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. फोल्डरमध्ये तीन फाइली : ‘फायनल’, ‘फायनल२’ आणि ‘फायनल_खरी’. त्या दुरुस्त करताना आम्ही जे केलं तेच इथे क्रमाने देतो.

आधी मूळ फाइल ‘मूळ’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवून ती फक्त वाचता येईल अशी करा. पुढचं सगळं काम प्रतीवर. काय बदललं, का बदललं, याची साधी टिपणवही सोबत चालू ठेवा.

मग तक्ता सरळ करा. एका ओळीत एक नोंद, एका कॉलममध्ये एकच गोष्ट, जोडलेले सेल नकोत. भाचीने संशयास्पद नोंदी पिवळ्या रंगवल्या होत्या. फाइल सीएसव्हीत, म्हणजे निव्वळ मजकुराच्या तक्त्यात, सेव्ह केली की रंग उडून जातो, म्हणून ‘शंका’ असा वेगळा कॉलम करून तिथे हो-नाही लिहिलं. रिकामा सेल आणि शून्य यांची गल्लत करू नका : शून्य म्हणजे मोजलं आणि गोडं पाणी निघालं, रिकामा म्हणजे त्या दिवशी मोजलंच नाही.

सगळ्यात जास्त वेळ तारखांनी खाल्ला. ५/७/२०२२ म्हणजे ५ जुलै की ७ मे? आपण म्हणू जुलै, पण अमेरिकन सेटिंगचं एक्सेल तो मे समजतं. खाडीत हा फरक साधा नाही. मे महिन्यात पाणी खारट असतं, जुलैत पावसाने ते जवळजवळ गोडं होतं. एका तारखेपायी आलेखच उलटा दिसू शकतो. म्हणून तारीख वर्ष-महिना-दिवस अशीच लिहा : २०२२-०७-०५. फाइलमधले आकडे मात्र इंग्रजी (1, 2, 3) ठेवा, देवनागरी अंकांवर बरीच सॉफ्टवेअर अडखळतात. मराठी मजकूर असेल तर सेव्ह करताना यूटीएफ-८ ही अक्षरांची सांकेतिक पद्धत निवडा, नाहीतर ‘मानस’च्या जागी भलतीच अक्षरं उमटतात.

गावांच्या नावांचं दुखणं गोव्यात खास. एकाच बेटाला तिने कुठे चोडण, कुठे चोराव लिहिलेलं. संगणकाला ती दोन बेटं. एकच रूप ठरवा आणि शेजारी अक्षांश-रेखांश दशांश अंशांत द्या.

आता रीडमी, म्हणजे डेटाची ओळख करून देणारी फाइल. लोक ही फाइल शेवटी घाईत लिहितात, माझ्या मते निम्मं काम तीच आहे. कोणी, कुठे, कधी, कोणत्या उपकरणाने मोजलं. भरतीला की ओहोटीला. प्रत्येक कॉलमचा अर्थ आणि एकक काय. कोणत्या नोंदी वगळल्या आणि का. ‘क्षारता’ एवढंच लिहून भागत नाही, रिफ्रॅक्टोमीटरने (थेंबातून प्रकाश किती वळतो त्यावरून) मोजली की सीटीडीने (पाण्याची विद्युतवाहकता, तापमान आणि खोली मोजणाऱ्या उपकरणाने), हेही सांगा. लिहून झालं की दुसऱ्या विभागातल्या कुणाला वाचायला द्या. त्याने एकही प्रश्न विचारला तर उत्तर तोंडी देऊ नका, रीडमीत लिहा.

माणसांची माहिती असेल तर थांबा. नाव आणि फोन नंबर काढला म्हणजे झालं असं नाही. लहान वाड्यावर मानशीची पावणी (तिथे मासे धरण्याच्या हक्काचा लिलाव) घेणारा एकच असतो, ‘पावणीदार, वय ६१’ एवढ्यावरून अख्खा गाव ओळखतो. अशा ठिकाणी वयाचे गट करा, वाड्याऐवजी तालुका लिहा. मुलाखतीच्या वेळी माहिती जाहीर करायची संमती घेतली होती का, तेही तपासा.

डेटा इतरांनी कसा वापरायचा, त्याचा परवाना ठरवा. श्रेय मिळावं असं वाटत असेल तर क्रिएटिव्ह कॉमन्सचा सीसी बाय ४.०, काहीच अट नको असेल तर सीसी झिरो. सहकाऱ्यांना आणि मार्गदर्शकांना आधी विचारा, नंतरची धुसफूस टळते.

अपलोड करणं त्या मानाने सोपं. सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेची झेनोडो ही रिपॉझिटरी फुकट आहे आणि डीओआय, म्हणजे डेटाचा कायमचा ओळख क्रमांक, देते. तो आधीच राखून घेऊन लेखात घालता येतो. सरावासाठी त्यांचं वेगळं सँडबॉक्सही आहे. ‘प्रकाशित करा’ दाबण्यापूर्वी मात्र फाइली पुन्हा उघडून बघा. शीर्षक-वर्णन नंतर सुधारता येतं, फाइली बदलायच्या तर सहसा नवी आवृत्ती काढावी लागते आणि तिला स्वतःचा डीओआय मिळतो.

भाचीला दुसऱ्याच दिवशी एका ओळीत ३३ ऐवजी ३.३ सापडलं. आवृत्ती १.१ निघाली, रीडमीत एक ओळ वाढली.